बालतस्करीवरील मुखपृष्ठ: मुलीच्या मानेवरचा बारकोड नेमके काय सांगतो?

प्रश्न: पत्रकारितेची विद्यार्थिनी, जळगाव

नमस्कार. पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी मला एका मासिकाच्या बालतस्करीवरील मुखपृष्ठाचे दृश्यविश्लेषण लिहायचे आहे. मुखपृष्ठावर आठ-नऊ वर्षांची मुलगी पाठमोरी उभी आहे. तिच्या दोन वेण्यांच्या मध्ये, उघड्या मानेवर, बारकोड छापलेला आहे. वरून एका मोठ्या माणसाचा हात आला असून त्याच्या बोटांना बांधलेल्या दोऱ्या तिच्या मनगटांपर्यंत पोहोचतात. सारे चित्र राखाडी आहे. केवळ वेण्यांच्या रिबिनी आणि मासिकाचे नाव लाल आहे. बारकोड म्हणजे माणसाची वस्तू होणे, दोऱ्या म्हणजे परावलंबन आणि लाल रंग म्हणजे धोका, असे मी लिहिले. त्यावर ‘ही यादी झाली, विश्लेषण नव्हे’ असा शेरा मिळाला. तो मला पटला, पण पुढे कसे जावे हे उमगत नाही. माझे बालपण भुसावळच्या रेल्वे वसाहतीत गेले. फलाटावर एकटी बसलेली मुले मी लहानपणापासून पाहिली आहेत, त्यामुळे हे लेखन मला केवळ गुणांसाठी करायचे नाही.

उत्तर: चित्रकला शिक्षक, अमळनेर

आपली यादी चुकीची नाही, मात्र ती प्रत्येक चिन्हाचा एकच अर्थ गृहीत धरते. चिन्ह आपल्यासोबत आणखी काय घेऊन येते, हे पाहावे लागेल. बारकोडचेच पाहा. दुकानातील वस्तूवरचा बारकोड पहिल्यांदा वाचला गेला तो 1974 मध्ये, अमेरिकेत, च्युइंगमच्या एका पुड्यावर. तो कोड त्या एका पुड्याचा नव्हता, त्या जातीच्या साऱ्या पुड्यांचा होता. म्हणजे मुलीच्या मानेवरचा बारकोड ‘ही विकली गेली’ एवढेच सांगत नाही. ‘ही इतर हजारोंसारखीच आहे’ असेही सांगतो. तिचे स्वतंत्र असणे पुसून टाकण्याचा आरोप चित्रकार तस्करावर करतो, आणि चेहरा न दाखवता काहीसे तेच काम स्वतःही करतो. आपल्या विश्लेषणाचा गाभा मला या विसंगतीत दिसतो.

दोऱ्यांविषयी एक जुना दाखला उपयोगी पडेल. 1787 मध्ये इंग्लंडमधील गुलामगिरीविरोधी चळवळीसाठी चिनी मातीच्या भांड्यांचे कारखानदार जोसाया वेजवूड यांच्या कारखान्यात एक पदक तयार झाले. त्यावर साखळदंडात जखडलेला, गुडघ्यावर बसून हात जोडणारा माणूस होता. त्या चित्राने मोठी सहानुभूती मिळवली, पण पीडिताने याचना करावी आणि पाहणाऱ्याने दया दाखवावी, ही मांडणीही रूढ केली. आजच्या साखळ्या, दोऱ्या, तोंडावर दाबलेले हात त्याच वळणाचे आहेत. याउलट लुईस हाईन हे 1908 पासून अमेरिकेतील बालमजुरांची छायाचित्रे घेत असताना मुलांना यंत्राशेजारी उभे करीत, आणि आपल्या कोटाच्या गुंड्यांच्या आधारे त्यांची उंची टिपून घेत. त्यांच्या छायाचित्रांत मूल थेट आपल्याकडे पाहते.

उत्तर: सामाजिक कार्यकर्ती, शहादा

सरांच्या उत्तराला माझ्या कामाच्या अनुभवातून थोडी जोड देते. बारकोड म्हटले की नोंद आली, पावती आली. आमच्याकडे तर सारे घडते ते नोंद नसल्यामुळे. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा या भागांतून अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत जातात. मुकादम, म्हणजे मजूर जमवणारा माणूस, उचल म्हणजे आगाऊ रक्कम देतो, ती त्याच्या वहीत लिहिली जाते, आणि नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. सोबत गेलेले मूल त्या वहीत कुठेच नसते; तरी ते वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करते, मोळ्या उचलते, धाकट्या भावंडाला सांभाळते. प्रत्येक स्थलांतर म्हणजे तस्करी नव्हे, हे मी आग्रहाने सांगेन, कारण तसे म्हटल्याने पोटासाठी घर सोडणारे आईबापच गुन्हेगार ठरतात. परंतु फेडता न आलेल्या उचलीपोटी मूल एकटेच दुसऱ्याकडे कामाला ठेवले जाते, तेव्हा त्याला नेणारा हात आकाशातून आलेला नसतो. तो ओळखीच्या माणसाचा असतो, आणि त्याने घरी बसून चहा घेतलेला असतो. मुखपृष्ठावरचा निनावी हात पाहून वाचक अनोळखी माणसाला घाबरायला शिकतो. माझा आक्षेप तेवढाच आहे, पण तो मला फार मोठा वाटतो.

विद्यार्थिनी, जळगाव

ताई, सर, मनापासून आभार. चेहरा दाखवणे कायद्याने शक्य आहे का? नसेल, तर चित्रकाराला दोष देणे अन्यायाचे होईल.

उत्तर: वकील, धुळे

बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 74 नुसार पीडित बालकाचे नाव, पत्ता, शाळा, छायाचित्र किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करता येत नाही. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हीही होऊ शकतात. कल्पनेतून काढलेल्या मुलीला चेहरा देण्यास मात्र या कलमाची आडकाठी नाही. उलट पाठमोऱ्या छायाचित्रातही गोंदण किंवा पावरा या आदिवासी समाजातील चांदीचा दागिना दिसला, तर लहान गावात ओळख पटते आणि एका समाजावर शिक्का बसतो.

ताईंच्या मुद्द्याला कायद्यातही आधार आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम 143, म्हणजे पूर्वीच्या दंड संहितेतील 370, केवळ बळजबरी आणि अपहरण यांवर थांबत नाही. शोषणासाठी एखाद्याला नेण्याकरिता, त्याच्यावर ताबा असलेल्या व्यक्तीची संमती मिळावी म्हणून पैसे किंवा लाभ देणे हाही त्यात सांगितलेला एक मार्ग आहे, आणि पीडिताची संमती होती हा बचाव चालत नाही. दोऱ्या बळजबरी दाखवतात. पैसे देणारा हात त्या चित्रात नाही.

सामाजिक कार्यकर्ती, शहादा

आणखी एक, रिबिनींबद्दल. आपण लाल म्हणजे धोका असे लिहिले आहे. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मुली दोन वेण्या घालून लाल रिबिनी बांधून येतात. ते मुखपृष्ठ पाहताना मला धोका आठवला नाही, वर्ग आठवला. दिवाळीनंतर शाळा उघडते आणि पुढच्या बाकांवरच्या रिबिनी कमी झालेल्या असतात. चित्रकाराच्या मनात हे होते की नाही, हे सिद्ध करण्याची गरज नाही, पण खानदेशातील वाचक त्या लाल रंगात काय पाहील, हे आपण अवश्य लिहा.

विद्यार्थिनी, जळगाव

लिहिते, ताई. बारकोड मागे ठेवून विश्लेषणाची सुरुवात आता रिबिनींपासूनच करते.