पुढच्या चाकाचं बेअरिंग वर्षाच्या आत पुन्हा वाजतंय, नट ढिला ठेवायचा असतो का?

सिंहगडरोडकर

नमस्कार मंडळी. गाडी २०१२ ची स्विफ्ट, पेट्रोल. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं तेव्हा एकतानगरीच्या बाजूला आमच्या पार्किंगमध्ये चाकं अर्ध्याहून जास्त बुडाली होती. त्यानंतर पुढची दोन्ही बेअरिंगं वाजायला लागली, म्हणून दिवाळीच्या आधी जवळच्या एका गॅरेजात बदलून घेतली. आता डाव्या बाजूचा आवाज परत आलाय. साठच्या पुढे एकसारखी घूंऽऽ अशी घरघर, वेग वाढला की तीही वाढते. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येताना तर गाडीतलं बोलणं ऐकू येत नाही.

आज चाकाचं मधलं टोपण काढून पाहिलं. तिथल्या मोठ्या एक्सल नटाची कॉलर (नटाची पातळ कड) कुठेही दाबलेली नाही, नुसतीच गोल आहे. मिस्त्रींना विचारलं तर म्हणाले, "नट फार आवळला की बेअरिंग जाम होतं. म्हणून कच्चून आवळायचा आणि पाव फेरा मागे घ्यायचा." हे बरोबर आहे का? आता बदलायला दिलं तर तेच ठोकून बसवतील, नटही जुनाच लावतील. दर आठवड्याला आईला घेऊन साताऱ्याला जातो, त्यामुळे काळजी वाटते.

स्वाती_कोथरूड

आधी बेअरिंगच आहे ना हे पक्कं करा. टायर पायरी-पायरीने झिजले असतील तर अगदी असाच आवाज येतो. पुढचे टायर मागे टाकून बघा, आवाजही मागे गेला तर दोष टायरचा. दुसरं म्हणजे मोकळ्या रस्त्यावर हलकं उजवीकडे वळण घेतलं की भार डाव्या चाकावर येतो. तेव्हा आवाज वाढला आणि डावीकडे वळताना दबला, तर डावं बेअरिंग. न्यूट्रलमध्ये टाकून ऐकायचं असेल तर सपाट रस्ता निवडा. नवले पुलाच्या उतारावर गाडी न्यूट्रल करायची नाही म्हणजे नाही, तिथे आधीच पुष्कळ जीव गेलेत.

भोसरीचा फिटर

स्वातीताईंनी सांगितलेलं आधी करा. त्याच्या जोडीला गाडी जॅकवर घ्या, खाली स्टँड लावा, एक हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवा आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवा. बेअरिंग खराब असेल तर स्प्रिंगमधून खरखर हाताला जाणवते, ती कानापेक्षा खरं सांगते. मग चाक वर-खाली धरून हलवा. खेळ, म्हणजे मोकळी हालचाल, लागला तर कुणालातरी ब्रेक दाबायला सांगून परत हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग, तसाच राहिला तर चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मचा बॉल जॉइंट बघा.

आता तुमचा मुख्य प्रश्न. भोसरी एमआयडीसीत प्रेसवर (दाब देणाऱ्या यंत्रावर) बेअरिंगं बसवण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या मिस्त्रींनी सांगितलेला नियम खोटा नाही, पण तो दुसऱ्या बेअरिंगचा आहे. मागच्या चाकांना ड्राइव्ह असलेल्या जुन्या गाड्यांत पुढच्या हबला (चाक ज्यावर बसतं त्या भागाला) टेपर रोलर, म्हणजे निमुळते रोलर, असतात, आत एक आणि बाहेर एक. तिथे चाक फिरवत नट आवळायचा म्हणजे रोलर जागेवर बसतात, मग मागे घ्यायचा, हाताने टेकवायचा आणि नट फिरू नये म्हणून स्प्लिट पिन घालायची. मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजावा इतका खेळ मुद्दाम ठेवतात. तो ठेवला नाही तर हब तापतो आणि ग्रीस जळतं. ज्यांनी उमेदवारी त्या गाड्यांवर केली त्यांच्या हातात हा नियम मुरलेला असतो.

तुमच्या गाडीत दोन ओळींचं सीलबंद बॉल बेअरिंग आहे. त्याची आतली रिंग अखंड नसते, दोन अर्ध्या रिंगा एकमेकींना टेकलेल्या असतात. आत किती फट राहायची ते कारखान्यात रिंगा घासतानाच ठरतं. नटाचं काम एवढंच की हब आणि ड्राइव्ह शाफ्टच्या (चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या) मध्ये त्या दोन अर्ध्या रिंगा घट्ट चिमटून ठेवायच्या. एकदा त्या टेकल्या की ठरलेल्या टॉर्कने (पिळण्याच्या जोराने) आवळल्यावर बेअरिंग जाम व्हायचं कारणच नाही. पाव फेरा मागे घेतला की मात्र चिमटा सुटतो, रिंगा एकमेकींपासून किंचित हलायला लागतात, गोळ्या आपल्या वाटेवर नीट चालत नाहीत आणि काही महिन्यांत घरघर सुरू होते. तुमचं बेअरिंग पाण्याने दुसऱ्यांदा गेलं असं मला वाटत नाही. ते ढिल्या नटाने गेलं.

टॉर्कचा आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधूनच घ्या. छोट्या गाड्यांत तो २०० न्यूटन मीटरच्या आसपास असतो. अंदाजासाठी सांगतो, एक मीटर पाइपच्या टोकाला वीस किलो वजन टांगलं की जवळजवळ तेवढाच टॉर्क येतो. गॅरेजात पोरगा त्या पाइपवर उभा राहतो तेव्हा तो साडेतीनपट होतो, मग आटे ताणले जातात. आणि एअर गनने फटाफट मारलं तर किती बसला ते कुणालाच कळत नाही. शेवटचं आवळणं टॉर्क रेंचनेच करायचं, चाक हवेत आणि ब्रेक दाबून धरलेला. नट ढिला असताना गाडीचं वजन चाकावर टेकवू नका, नवं बेअरिंग त्या एका चुकीने खराब होऊ शकतं.

नट दर वेळी नवा. कॉलर शाफ्टच्या खाचेत बोथट पंचाने दाबायची. धारदार छिन्नी मारली तर ती चिरते. जुन्या नटाची कॉलर एकदा वाकलेली असते, ती परत खाचेसमोर येईलच असं नाही आणि आली तरी तिथला पत्रा कमजोर झालेला असतो. तुमच्या गाडीत कॉलर दाबलेलीच नाही, म्हणजे तो नट फक्त आट्यांच्या भरवशावर आहे. साताऱ्याला जाण्याआधी हे करून घ्या, मी हात जोडून सांगतो.

सिंहगडरोडकर

मनापासून धन्यवाद काका. या शनिवारचं साताऱ्याला जाणं रद्द केलंय. अजून एक विचारतो. आमच्याकडच्या कुठल्याच गॅरेजात प्रेस नाही. ठोकून बसवलं तर चालेल का? आणि बेअरिंग कुठून घेऊ?

स्वाती_कोथरूड

नाना पेठेत मिळेल, पण पक्कं बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्या. नामांकित कंपन्यांच्या नावाने नकली माल येतो आणि खोकं हुबेहूब असतं. एसकेएफचं घेतलं तर त्यांचं ऑथेंटिकेट नावाचं अॅप आहे, त्यावर फोटो पाठवून खात्री करता येते. बेअरिंगबरोबर सरक्लिप (बेअरिंग जागेवर अडवणारी कडी) आणि एक्सल नट नवाच मागा. दुकानदार आपणहून देत नाहीत.

भोसरीचा फिटर

ठोकून नको. हातोड्याचा प्रत्येक घाव गोळ्यांमधून रिंगेवर जातो आणि तिथे बारीक खळगे पडतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण बेअरिंग पहिल्या दिवसापासून गुणगुणतं.

गॅरेजात प्रेस नसला तरी अडत नाही. नकल (इंग्रजीत knuckle, बेअरिंग ज्यात बसतं तो भाग) सोडवून घ्या, पिशवीत घालून प्रेस असलेल्या वर्कशॉपला न्या. तिथे स्वतः उभे राहा आणि दोन गोष्टी बघा. नकलमध्ये बेअरिंग दाबताना जोर बाहेरच्या रिंगवर असला पाहिजे. नंतर हब दाबताना खालून आधार आतल्या रिंगला असला पाहिजे. उलटं झालं तर सगळा दाब गोळ्यांवर येतो. जुना हब काढताना अर्धी रिंग त्यालाच चिकटून येते. ग्राइंडरने कापणार असतील तर हबला चरा पडू देऊ नका. हबची बैठक झिजलेली असेल तर हबही नवा घाला, नाहीतर नवं बेअरिंग घालून उपयोग नाही. नकलचं भोक आणि सरक्लिपची खाच पुसून कोरडी करा. तुमच्याकडे पूर आला होता, खाचेत गाळ आणि गंज असणारच, आणि सरक्लिप पूर्ण बसली नाही तर बेअरिंग बाजूला सरकतं.

एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर नीट लक्ष द्या. बऱ्याच बेअरिंगच्या एका सीलमध्ये चुंबकीय पट्टी असते, ती सेन्सरच्या बाजूला, म्हणजे गाडीच्या आतल्या बाजूला यायला हवी. कागदांना लावायची लोखंडी टाचणी हलकेच टेकवून कुठली बाजू ते कळतं. उलटं बसलं तर डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा लागतो आणि सगळं परत उपसून बेअरिंगही नवं घालावं लागतं, कारण एकदा हब काढला की ते बेअरिंग पुन्हा वापरता येत नाही.

आणि हो, नकल काढण्याआधी स्ट्रटच्या (स्प्रिंग ज्यावर असते त्या दांड्याच्या) दोन बोल्टांपाशी खूण करून ठेवा. तिथे थोडी मोकळीक असते, त्यामुळे कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेरचा कल, बदलतो. काम झालं की अलाइनमेंट करूनच घ्या, नाहीतर टायर एका बाजूने खाल्ला जाईल.

सिंहगडरोडकर

उद्याच नकल काढतो. प्रेसवाला दुसऱ्या दिवशी देणार असेल तर तोवर उजवी बाजू तशीच राहू द्यावी ना? तीही त्याच गॅरेजात बसवली होती.

भोसरीचा फिटर

उजवीकडचं टोपण आत्ताच काढून बघा. कॉलर तिथेही दाबलेली नसेल तर आवाज नसला तरी नवा नट घालून, टॉर्कने आवळून पंच करून घ्या. स्प्रिंगवर हात ठेवून खरखर लागली तर तेही बेअरिंग याच फेरीत बदला. डावी बाजू उघडी असताना गाडी स्टँडवरच राहू दे, ढकलून हलवू नका.