मॉरोविंड: वार लागतो, इजा होत नाही

मॉरोविंड या व्हिडिओ गेमबद्दल नेहमी विचारलं जातं: 'तलवार डोळ्यांदेखत लागते तरी इजा शून्य, हा बग आहे का?' या प्रश्नावर थोडी भर. बग नाही, वार बसला की नाही हे ठरवायला पडद्याआड फासे पडतायत. गेम २००२ चा असला तरी हिशोब फासे टाकून खेळायच्या कागद-पेन्सिलवाल्या खेळांचा: त्या शस्त्रातलं कौशल्य, चपळाई, नशीब आणि ती हिरवी पट्टी, म्हणजे दमसास. शत्रूपर्यंत पळत गेलात की पट्टी रिकामी, मग साधा खेकडाही ऐकत नाही. शेवटची काही पावलं चालत जा आणि सुरुवातीला पात्राचं मुख्य कौशल्य म्हणून निवडलेलंच शस्त्र वापरा. निम्मा वैताग तिथेच संपेल.

उरलेल्या निम्म्याला औषध नाही. क्लिफ रेसर ही उडती पीडा तर डोकं उठवते!

पण मजा बघा. कुठे जायचं ते दाखवणारा बाण नकाशावर नाही. लोक तोंडी पत्ता सांगतात आणि तो डायरीत जातो. 'पूल ओलांडून उत्तरेला' वगैरे. त्यामुळे रस्ते पाठ होतात. सेडा नीन या सुरुवातीच्या गावाच्या बाहेर आभाळातून एक जादूगार किंचाळत पडतो आणि मरतो. त्याच्याजवळ उडीच्या मंत्राच्या तीन गुंडाळ्या सापडतात. एक वाचून उडी मारलीत की अर्धं बेट पायाखालून जातं, पण मंत्राचा असर मात्र सातच सेकंद, मग त्या जादूगारासारखं आपटून मरण. गेम तुम्हाला थांबवत नाही, सावधही करत नाही. (आजचे गेम तीन पॉप-अप दाखवतील.) जमिनीला टेकायच्या आत दुसरी गुंडाळी वाचा, नाहीतर पाण्यात पडा. आणि आधी सेव्ह करा.