अवोकॅडोचं झाड वाढंना, काय टाकू?

लातूरकर: बी लावून केलेलं अवोकॅडो हाय, दोन वर्षं झाली तरी कमरेएवढंच. काळी माती, रोज पाणी देतो, महिन्याला युरिया पण, तरी पानांच्या कडा करपायल्यात. लवकर वाढायला काय टाकू?

परभणीवाला: भाऊ टाकायचं राहू द्या, आधी पाणी कमी करा. ह्याची मुळं वरच्या वरच असतात अन् काळ्या रानात पाणी थांबलं की कुजतात, मग कितीबी खत द्या झाड घेतच नाही. खरं तर मातीचा उंचवटा करून लावायचं असतंय. आता निदान चर काढा, वरची माती सुकली की मगच पाणी. उसाचं पाचट जाड पसरा, फक्त खोडाला चिकटू देऊ नका.

बीडची ताई: बोरचं पाणी खारं हाय का? आमच्या झाडाच्या कडा त्यानंच करपल्या होत्या, पावसाचं साठवलेलं देऊन बघा. अन् मे महिन्यात शेडनेट पाहिजेच, ४२ च्या उन्हात कोवळं खोड भाजतं.

परभणीवाला: बियाचं झाड फळाला ५ ते १० वर्षं घेतं बरं का, कलमी ३-४ वर्षांत धरतं.

लातूरकर: दहा वर्षं?? तवर पोरगं कॉलेजात जाईल की! बरं, पाणी बोरचंच हाय. चर उद्याच काढतो.