बदकं मरायलीत आणि यांना जंतूचं बारसं करायचंय!

शेततळेवाला (जालना)
शेततळ्यावर साठ बदकं होती. गेल्या महिन्यात तीन आठवड्यांची पिल्लं पटापट गेली. डोळ्यांतून पाणी, हिरवट संडास आणि मान अशी वाकडी की पाण्यात सोडलं तर जागच्या जागी गोल फिरायची. मेलेलं पिल्लू बर्फात घालून प्रयोगशाळेत तपासणीला नेलं. कल्चर झालं, म्हणजे जंतू वाढवून पाहिला, कोणतं औषध लागू पडतं तेही कळालं. तोवर लहानमोठी धरून चौदा उरली.

आता तिथले एक सर म्हणतात, हा जंतू ओळखीच्या कुठल्याच नावात नीट बसत नाही, नवी प्रजाती असेल, अजून नमुने आणा. मी नाही म्हणालो. औषध कळालं की माझं काम संपलं. चुकलं का?

परभणीकर
चुकलं, दादा. राग मानू नका, मी याच कामात आहे.

बदकांच्या पिल्लांत अशी लक्षणं दिसली की पहिला संशय रीमेरेला अनाटिपेस्टिफर या जंतूवर. रक्त घातलेल्या प्लेटवर, मेणबत्ती लावून बंद केलेल्या बरणीत ठेवला की दवासारखे बारीक ठिपके उगवतात. मॅकॉन्की नावाच्या दुसऱ्या प्लेटवर काहीच नाही. हा १९३२ मध्ये अमेरिकेत लाँग आयलंडच्या बदकांत सापडला. तेव्हा त्याला फायफरेला या जंतूंच्या कुळात घातलं, पुढं कुणी मोराक्सेलात, कुणी पाश्चुरेलात. १९९३ ला वेगळं कूळ करून रीमेरेला नाव दिलं. साठ वर्षं दुसऱ्याच्या घरात नांदला बिचारा!

तुमच्याकडून अजून नमुने मागितले ते उगी नाही. जंतूची ओळख पटवायचं १६एस जनुक ओळखीच्या प्रजातीशी ९८.७ टक्क्यांपेक्षा कमी जुळलं तर नव्या प्रजातीचा दाट संशय. मग पूर्ण जीनोम, म्हणजे सगळी जनुकं, जुळवून पाहायचा; तोही ९५-९६ टक्क्यांच्या खाली जुळला तर वेगळी प्रजाती म्हणता येते. एका पिल्लातल्या एका जंतूवर एवढी उडी कोण घेणार?

गोदाकाठ
सर, मी पोल्ट्रीवाला. तुमचं नाव बरोबर निघालं तरी आमची लस फसते त्याचं काय? या जंतूचे वीसच्या वर सीरोटाइप, म्हणजे पोटप्रकार, एकाची लस दुसऱ्याला फारशी चालत नाही. आणि नावावर तरी काय भरवसा? अनाटिपेस्टिफर म्हणजे बदकांचा प्लेग आणणारा. खरा बदकांचा प्लेग तर विषाणूचा! ज्यांनी नाव ठेवलं त्यांनीच घोटाळा केला. शेततळेवाल्यांना पिल्लं वाचवायचीत, नाव घेऊन काय लोणचं घालायचं?

परभणीकर
प्लेगचं मान्य, नाव फसवं आहे. सीरोटाइपचं मात्र तुम्ही माझ्याच बाजूनं बोललात. या जंतूच्या सीरोटाइपांच्या यादीत विसाव्या क्रमांकाचा नमुना म्हणून जो वाण धरला होता, तो नंतर या प्रजातीतला नाहीच असं निघालं आणि काढून टाकावा लागला. जो जंतू त्या घरचाच नव्हता, त्याच्यावर तोवर त्या घराचा नंबर होता. प्रजात चुकली की खालची मोजणीही चुकते.

बीडची मावशी
भांडा तुम्ही. लेकरा, तळ्याकाठचा चिखल काढलास का? खुराड्यावर जाळी टाकलीस का? आधी ते सांग.

गोदाकाठ
मावशी बरोबर बोलल्या. बरं सर, नवी प्रजाती ठरवायला जिवंत वाण दोन वेगवेगळ्या देशांतल्या जंतूंच्या संग्रहांत ठेवावा लागतो म्हणे. तो खर्च, ती वर्षं कोण सोसणार? पुढच्या हंगामाला ह्यांच्या हाती काय येणार, ते बोला.

परभणीकर
पुढच्या हंगामाला? खरं सांगायचं तर काहीच नाही. नाव ठरायला वेळ जाईल. पण नमुनाच नसला तर तेही नाही.

शेततळेवाला
हे तुम्ही आधी सांगितलं असतं तर एवढं भांडलो नसतो. प्रयोगशाळेतले सर म्हणाले होते, 'फायदा होईल', बस, एवढंच.

मावशी, चिखल काढला. आज अजून दोन पिल्लांनी मान टाकलीय. उद्या घेऊन जातो. पण आधी औषधाचा रिपोर्ट, तोही फोनवर. बारसं मागाहून करा.