थारोळं म्हणजे नक्की काय? कादंबरीत अडलेले शब्द लक्षात कसे ठेवता?

ओसरी:
कोथरूड डेपो ते पुणे स्टेशन, रोज बसमध्ये वाचते. सध्या एक ग्रामीण कादंबरी हातात आहे आणि पानागणिक शब्द अडतात. धाव, सोंदूर, थारोळं. माझा जन्म पुण्यातला, तोही फ्लॅटमधला. मोट, म्हणजे बैलांनी विहिरीतलं पाणी वर ओढायची ती मोठी पिशवी, कधी पाहिलेलीच नाही. थारोळं मला फक्त रक्ताचं ठाऊक होतं, पेपरातल्या बातम्यांमुळे. इथे तर बैल धाव उतरतात आणि थारोळ्यात पाणी कोसळतं! तीन महिन्यांत वहीत १४० शब्द उतरवलेत, पण आज विचाराल तर वीसही सांगता येणार नाहीत. याचं फार वाईट वाटतं. प्रत्येक शब्दाला थांबावं, की पुढे जावं?

पाटावरचा:
ताई, आमच्या जुन्नरकडच्या विहिरीवर मोट होती. धाव म्हणजे बैलांची उताराची वाट. बैल खाली निघाले की जाड नाडा ताणला जातो आणि मोट वर येते. सोंदूर ही तिच्या सोंडेची बारीक दोरी, शब्दातच सोंड आणि दोर आहे. मोट काठाशी आली की सोंडेतून पाणी धबाधबा थारोळ्यात, तिथून पाटात. थारोळं म्हणजे ते पाणी झेलणारं हौदासारखं ठिकाण. एकदा हे डोळ्यांपुढे आलं की वही लागत नाही.

पेन्सिलवाली:
वाचताना थांबू नका, नुसती खूण करा. प्रकरण संपल्यावर दाते-कर्व्यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' उघडा. १९३२ ते १९३८ मध्ये निघालेले सात खंड शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, मोल्सवर्थचा १८५७चा कोशही तिथेच. मात्र 'थारोळं' असं शोधू नका, 'थारोळें' शोधा. हे कोश १९६२च्या लेखननियमांआधीचे. त्यात केळं नाही, केळें असतं. हे कळेपर्यंत मी कित्येक शब्द कोशात नाहीतच असं धरून चालले होते. आणि वहीत नुसता अर्थ नको, अख्खं वाक्य लिहा.

ओसरी:
थारोळें सापडलं! रात्री सासूबाईंना सोंदूर वाचून दाखवला. त्या साताऱ्याकडच्या. म्हणाल्या, "आम्ही सोल म्हणायचो." मग अर्धा तास मोटेवरच बोलत होत्या, लग्नाला अकरा वर्षं झाली, पण त्यांच्या वडिलांच्या विहिरीबद्दल मी पहिल्यांदाच ऐकलं. १४१वा शब्द सोल. पुढे त्यांचंच वाक्य लिहिलंय: "सोल तुटला, की पाणी परत विहिरीतच."