शिफारसपत्र ऐन वेळी मागू नका
'पुसद-गडचिरोलीकडच्या बीएस्सीच्या पोरांना नागपुरात क्लास लावल्याशिवाय अभ्यासक्रमाबाहेरचं गणित मिळत नाही' असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. अशा वेळी पदवीच्या मुलांसाठीच्या माधव गणित स्पर्धेचं नाव निघतं, पण एमटीटीएस (मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च) राहून जातं. 1993 पासूनचं हे उन्हाळी शिबिर, साधारण चार आठवड्यांचं. दुसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी त्यात 'लेव्हल ओ' आहे, तेव्हा तिसऱ्या वर्षाला जाग आली तर ही पायरी हुकलीच.

अर्जासोबत प्राध्यापकांचं शिफारसपत्र लागतं. 'विद्यार्थी होतकरू आहे' एवढ्यानं निवडणाऱ्याला काहीच कळत नाही. म्हणून दिवाळीपासूनच सरांना सिद्धता लिहून दाखवा. उदाहरणार्थ, 1 ते 100 मधल्या कोणत्याही 51 संख्या घ्या, त्यांत दोन सहमूळ (1 सोडून सामाईक विभाजक नसलेल्या) असणारच. पोरं इथे दोन-चार उदाहरणं तपासून 'म्हणून सिद्ध' लिहून मोकळी होतात. ती सिद्धता नव्हे. (1,2), (3,4) अशा 50 जोड्या पाडा. 51 संख्यांत एखादी जोडी पूर्ण येतेच, आणि लगतच्या संख्या सहमूळ असतात. अशी दहा-बारा पानं पाहिलेल्या सरांना पत्रात नेमकं लिहिता येतं.