लांबच्या ट्रेकमध्ये बुटाचा तळ निघाला, तर दुरुस्ती करून पुढे जावे की परत फिरावे?

धारकरी : राजगड–तोरणा–रायगड करणाऱ्या प्रत्येकाच्या सॅकमध्ये दुरुस्तीचे सामान असलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. राजगडाच्या संजीवनी माचीवरून तोरण्याच्या बुधला माचीकडे जाणाऱ्या डोंगरधारेवर तळ उचकटला, तर तिथे चांभार कुठून आणणार? दाभण, मेणाचा दोरा, थोडे केबल टाय, नायलॉनची दोरी आणि सॅकच्या पट्ट्याचे एक जादा बकल एवढे मूठभर सामान पुरते. दोरी तळाच्या खाचांतून ओवून गाठ पायाच्या वरच्या बाजूला घेतली, म्हणजे ती खडकावर लवकर घासत नाही. एवढ्यासाठी ट्रेक सोडण्याचे कारण नाही.

नाळेवाट : पूर्णपणे असहमत. धारेवर हे चालेल. पण मोहरी गावानंतर सिंगापूर नाळेने, म्हणजे घाटातल्या अरुंद, उभ्या घळीने, कोकणात उतरताना, जिथे प्रत्येक पाऊल सुट्या धोंड्यांवर पडते, तिथे दोरीने बांधलेला तळ म्हणजे घसरण्याला निमंत्रणच. शिवाय, अनेक बुटांच्या तळातला मधला थर पॉलियुरेथेन या फोमसारख्या प्लॅस्टिकचा असतो आणि हवेतल्या बाष्पाने तो आतून कुजत जातो, मग बूट वर्षानुवर्षे खोक्यात नुसता पडून का असेना. दोन्ही बूट एकाच वयाचे असल्यामुळे एक गेला की दुसराही बहुधा मागोमाग जातो, आणि भुगा झालेल्या थरात दोरा धरणार तरी कशाला? घरीच तळाच्या कडेला अंगठा दाबून आणि बूट वाकवून पाहावा. भेगा दिसल्या किंवा भुकटी पडली, तर तो नेऊ नये. तरीही वाटेत तळ निघालाच, तर तोरण्यावरून सरळ पायथ्याच्या वेल्ह्याला उतरावे.

धारकरी : घरच्या तपासणीला माझी ना नाही, पण सॅकच्या बकलवर कुणाचा पाय पडणार हे घरी कसे कळावे? कमरेचा पट्टा सुटला की सगळे ओझे खांद्यांवर येते. आणि परत फिरणारा एकटा फिरत नाही. त्याच्यासोबत आणखी एकाला उतरावे लागते, हा हिशेब तुम्ही धरलेला नाही.

बिनओझ्याचा : मुक्कामावर घालायला म्हणून मागे पट्टा असलेले सँडल न्यावेत, वेळ पडली तर त्यांवरच चालावे. घाटातले गावकरी प्लॅस्टिकच्या बुटांवर हीच नाळ चढतात-उतरतात, आपणच उगाच बाऊ करतो.

नाळेवाट : त्यांचे पाय त्या धोंड्यांवर मुरलेले आहेत, आपले शहरी पाय तीन दिवसांचे ओझे पेलत असतात. सँडल जरूर न्यावेत, पण वेल्ह्यापर्यंत उतरण्यासाठी. बकल बदलून पुढे जाण्यास माझी हरकत नाही. तळाच्या बाबतीत मात्र निर्णय मोहरी गाठण्यापूर्वीच झाला पाहिजे, आणि तो बूट घालणाऱ्याने नव्हे, तर गटप्रमुखाने घ्यावा.

धारकरी : गटप्रमुखाने घ्यावा, हे मान्य, मात्र आधी माझी गाठ ओढून पाहावी.